रिकाम्या बेल्टचं वजन

दोर मी बोटांनी तपासते. डाव्या मुठीतून उजवीकडे, वीत वीत, सावकाश जाऊ देते. आवरणाचा एखादा धागा तुटला असेल तर तो बोटाला टोचतो. आतला गाभा पिचला असेल तर तिथे दोर पोकळ लागतो, आणि घासून तापला असेल तर काचेसारखा गुळगुळीत. या कामाला डोळे लागत नाहीत. मी ते मिटूनच घेते.

आमचा धंदा झाडांचा. रस्त्यावर, शाळेच्या आवारात किंवा कोणाच्या छपरावर झुकलेली मोठी झाडं उतरवायची, वाळलेल्या फांद्या काढायच्या. झाडावर चढणारा माणूस कमरेला आणि मांड्यांना बेल्ट बांधतो, बेल्ट दोराला अडकवतो आणि त्याच्या भरवशावर करवत चालवतो. मी स्वतः कधी चढले नाही. माझी जागा खाली, स्टोअरमध्ये. दोर, बेल्ट, कड्या, कप्प्या बघायच्या, ठीक असेल त्याला हिरवी पट्टी लावायची आणि नसेल त्याला लाल.

नियम साधे आहेत. माणसाला उचलणारं सामान दर सहा महिन्यांनी बाहेरचा तपासनीस येऊन बघतो. मधल्या दिवसांत रोज सकाळी मी बघते. ज्याच्यावर पडल्याची खूण आहे ते बाद, मग वरून कितीही धडधाकट दिसो. आणि बाद झालेलं सामान त्याच दिवशी कापून टाकायचं, कारण ते स्टोअरमध्ये राहिलं की कधी ना कधी कोणीतरी घाईत उचलून नेतंच. आम्ही ते टेबलावर पसरतो आणि हातभर लांबीचे तुकडे करतो.

माझे स्वतःचे थोडे नेम आहेत. पहाटे प्रार्थना, एकवेळ जेवण, आणि तपासणी चालू असेपर्यंत मौन. माणसं त्यावरून चेष्टा करतात. मुकादम म्हणतो, ताईंना दोर उत्तरं देतो, मग त्या आपल्याशी कशाला बोलतील. मी हसून सोडून देते. आणखी एक नेम आहे, तो मी कोणाला सांगितलेला नाही. सामानावर खोटी पट्टी लावायची नाही, लाल नाही आणि हिरवीही नाही.

चढणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ होता. सगळे त्याला पाखरू म्हणत. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता, आणि पुढे बरीच वर्षं उतरलाच नाही म्हणा ना. त्याने हे काम धरलं तेव्हा मी त्याला अडवलं नाही. मी इथे नोकरी मागितली, एवढंच. त्याला उंचावर जायचंच होतं, तर निदान त्याच्या दोरावरून रोज माझा हात फिरावा.

स्टोअर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एका भिंतीला लाकडी खुंट्या, प्रत्येक चढणाऱ्याची आपली खुंटी. दुसऱ्याच्या सामानाला कोणी हात लावत नाही. खोलीच्या मधोमध जाड तुळई आहे, तिला हुक. सगळा संच, म्हणजे वर दोर आणि त्याला खाली बेल्ट, त्या हुकाला टांगून मी शेवटचं बघून घेते. खिडकीतून समोरची करवतीची शेड दिसते. आत कायम ओल्या भुशाचा आणि डिंकाचा वास असतो.

एका सकाळी मी धाकट्याच्या खुंटीशी आले आणि थांबले.

बेल्टच्या कमरपट्ट्यात एक घडी शिवलेली असते. माणूस पडला आणि दोराने त्याला झेललं की त्या झटक्याने घडीचे टाके उसवतात आणि आतली लाल कापडी जीभ बाहेर येते. एकदा आली की ती परत आत घालता येत नाही. आदल्या संध्याकाळी ती घडी मिटलेली होती. आता जीभ बाहेर होती.

बाहेर सगळे चहा घेत उभे होते. मी धाकट्याला बाजूला बोलावलं आणि कधी पडलास म्हणून विचारलं.

"पडलो असतो तर सांगायला आलो असतो का ताई?"

मागचे दोघेतिघे हसले. माझं तोंड बघून तो मात्र हसायचा थांबला. माझा हात धरून म्हणाला, नाही पडलो, तुझ्याशी खोटं बोलून मी जाणार कुठे. लहानपणी तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. मी कानांकडे बघितलं. नेहमीसारखे होते.

बेल्ट आणि दोर बाद केले, टेबलावर पसरून कापले. त्याच्यासाठी नवा संच काढला. पिशवीचं सील मीच तोडलं, प्रत्येक टाका तपासला आणि त्याच्या खुंटीला लावला.

तो आठवडा वाऱ्याचा गेला. वारा असला की आमच्यात कोणी वर जात नाही. धाकटा खाली उभा राहून फांद्या यंत्रात लोटत होता, अंगभर भुसा घेऊन घरी जात होता. स्टोअरला कुलूप होतं. एक किल्ली माझ्याकडे, एक मुकादमाकडे.

वारा पडल्यावर मी त्याचा संच खाली घेतला, तर घडी उघडी. दोर मुठीतून जाऊ दिला. मध्येच एका जागी तो कडक आणि गुळगुळीत लागला. दोन बोटांना तो भाग कळला आणि माझं मौन मोडलं. तोंडातून देवाचं नाव गेलं.

मुकादमाने फारसं मनावर घेतलं नाही. कंपनी भिकार माल द्यायला लागली आहे, दुसरीकडून मागवू, म्हणाला. दुसरीकडचा संच आला. जाड शिलाई, भक्कम बकलं. "याने नाही झालं तर तुमच्या भावाला सरळ बैलाच्या वेसणीने बांधू," तो म्हणाला आणि माझ्याकडून हसण्याची वाट बघत राहिला.

मी त्या बेल्टवर दिवसातून दोनदा नजर टाकायला लागले. रिकाम्या बेल्टच्या मांडीच्या पट्ट्या चपट्या होऊन लोंबतात. जुने असोत, नवे असोत, सगळ्या बेल्टचं तेच. एका दुपारी स्टोअरमध्ये शिरले तर धाकट्याच्या बेल्टच्या पट्ट्या गोल झालेल्या होत्या. दोन्ही. आत काहीतरी असल्यासारख्या.

मी आतल्या बाजूने तळवा लावला. पट्टी ऊबदार होती. नुकताच कोणी उठून गेलं की खुर्ची जशी लागते, तशी.

शेजारच्या खुंटीवरचा बेल्ट बघितला. थंड.

त्याच सुमाराला सहामाही तपासणी आली. बाहेरचा तपासनीस वयस्कर, कोरडा माणूस होता. आल्यावर हात धुवायचा, खिशातून भिंग काढायचा, आणि जाईपर्यंत सामानाखेरीज कशाविषयी बोलायचा नाही. त्या दृष्टीने आमचं जमायचं. त्याने सगळ्यांचं सामान बघून हिरव्या पट्ट्या लावल्या. धाकट्याच्या या बेल्टचीही घडी त्या सकाळी उघडी निघाली होती; तो संच घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. दोर मोजला. परत मोजला.

"हा झटका नाही," शेवटी तो म्हणाला. "झटका बसलाय, पण तो सुरुवातीला. त्यानंतर भार तसाच राहिलाय. दोर केवढा लांबलाय बघा. यात कोणीतरी लटकत राहिलं होतं."

मी सांगितलं की हा संच अजून एकदाही झाडावर गेलेला नाही. त्याने ऐकलं, मान हलवली नाही. मग मी विचारलं, माणूस असा लटकत राहिला तर काय होतं.

"पाय आधी जातात. मांडीचे पट्टे रक्त अडवतात. बधिर होतात, गार पडतात. मग बाकीचं. म्हणून तर खाली एक माणूस कायम तयार ठेवायचा नियम आहे, वरच्याला लगेच उतरवायला." त्याने भिंग रुमालात गुंडाळलं. "याला कोणी उतरवलेलं दिसत नाही."

लाल पट्टी लावून तो बाहेर गेला. चहा घेतला नाही. पुढचं सगळं बोलणं त्याने अंगणात, स्टोअरकडे पाठ करून उरकलं.

संध्याकाळी मी धाकट्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेले त्याचे कामाचे कपडे. तो पलंगाच्या कडेला बसून मांड्या चोळत होता. मला बघून हात काढून घेतला. भावजय माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, वन्सं, ह्यांच्या मांड्यांना बघा काय झालंय. रुंद निळे वळ उठले होते, म्हणे, दोन्हीकडे सारखे, पट्ट्यांसारखे. पायांना मुंग्या येतात, रात्री झोपेत पाय झटकतात. तिने विचारलं, वर गेले होते का हे इतक्यात? मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

त्याला विचारलं तर तो म्हणाला, खाली बसून बसून झालंय, पाखराला पिंजऱ्यात ठेवलं की असंच होतं. मोठं झाड मिळू दे, आपोआप पळेल.

मोठं झाड मिळालं. एका दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं रेललेलं होतं आणि आता भिंतीला तडा गेला होता. असं काम पाखराचंच, यात कोणाला शंका नव्हती. त्याच्यासाठी पुन्हा नवा संच आला. त्या सकाळी मी प्रार्थनेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. कामावर लवकर आले, सील तोडलं, दोर मुठीतून जाऊ दिला. सुरेख होता, कुठेही काही नाही. बेल्टही तसाच. हिरवी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि शेवटचं बघायला संच हुकाला टांगला.

खोलीत मी एकटी होते. बाहेर गाडीत करवती चढवत होते, त्याचे आवाज येत होते.

बेल्ट एकदा किंचित हलला. मग एक बारीक आवाज झाला, कापड दाताने तोडावं तसा. घडीचा एक टाका तुटला. मग पुढचा. माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक, घाई न करता. लाल जीभ बाहेर आली. दोर वरपासून खालपर्यंत ताठ झाला आणि हुक करकरलं.

मांडीच्या पट्ट्या गोल झाल्या.

मी लाल पट्टी लावली. गाठ घट्ट ओढली. बाहेर येऊन मुकादमाला म्हटलं, आज धाकटा चढणार नाही. त्याच्या सामानाला मी हिरवी पट्टी देऊ शकत नाही.

धाकटा गाडीवरून उतरून आला. मी त्याला लहानपणी रागवायचे तेव्हा तो असा समोर उभा राहायचा.

"दुसऱ्याचा बेल्ट दे मग."

मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं. मला जे सांगता आलं असतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"नेम तुझे आणि उपास मला," तो म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही. त्याने हातमोजे काढून गाडीत टाकले आणि फाटकाबाहेर निघून गेला. चालताना एक पाय जरा ओढत होता.

झाडावर दुसरा एक जण गेला, ज्याला सगळे उंट म्हणतात. मी त्या दिवशी स्टोअर सोडून तिथे जाऊन उभी राहिले. डोळे झाकायला होत होतं, पण झाकले नाहीत. फांदी फांदी करत झाड खाली आलं. भिंतीची एक वीटही हलली नाही. दुपारपर्यंत तिथे नुसता बुंधा आणि मोकळं आभाळ उरलं. उंट खाली उतरून पाणी प्यायला. त्याच्या बेल्टची घडी मिटलेली होती, मी स्वतः हात लावून बघितली.

मनात आलं, टळलं. जे काही त्या झाडावर धाकट्याची वाट बघत होतं, ते झाडाबरोबर गेलं. देवाचे आभार मानत मी परत आले. आता तो संच खाली घ्यायचा, टेबलावर पसरायचा, कापायचा आणि संध्याकाळी धाकट्याची समजूत काढायला जायचं.

संच तसाच हुकाला होता. दोर ताठ होता.

बेल्ट सावकाश डावीकडे वळत होता. थांबला. मग तितक्याच सावकाश उजवीकडे वळला. एका दोराला टांगलेलं जड काहीही असंच फिरतं.

मी दोन्ही हातांनी बेल्ट खालून धरला आणि उचलून हुकावरून काढायला गेले. उचलला जाईना. खांदा लावला, पाय रोवले. तो बोटभर वर गेला आणि माझ्या कमरेतून कळ आली. हे वजन मी ओळखत होते. तापाने फणफणलेला असताना मी धाकट्याला जिन्यावरून उतरवलं होतं, मोठा झाल्यावर. तेच.

मुकादम दारात आला. मी त्याला म्हटलं, याच्यावर भार आहे.

"कसला भार?"

"भार उतरवल्याशिवाय दोर कापायचा नाही. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना."

त्याने जवळ येऊन बेल्टला एका बोटाने ढकललं. बेल्ट झोका घेऊन मागे गेला, हलका, रिकामा, चपटा. मुकादम माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, तेच मला जास्त लागलं. हळूच म्हणाला, ताई, आज काही खाऊन घ्या. नेम एक दिवस राहिला तर देव रागावणार नाही.

तेवढ्यात भावजयीचा फोन आला. हे आल्यापासून झोपलेत, वन्सं. हाक मारली की हूं म्हणतात, उठत नाहीत. पाय गार पडलेत. तुम्ही येता का?

मी निघाले. फाटकातून परत वळून आले आणि मुकादमाला सांगितलं, मी येईपर्यंत त्या बेल्टला हात लावू नका. हात जोडले त्याच्यापुढे. तो गडबडून बरं बरं म्हणाला.

धाकट्याच्या घरी पडदे ओढलेले होते. पलंगावर उकडतंय म्हणून तो पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या घडीच्या खाटेवर निजला होता. भावजयीने पायांवर दोन पांघरुणं घातली होती. पाय खरंच गार होते, पण चेहरा शांत होता. छाती वर-खाली होत होती. मी कपाळावर हात ठेवला, त्याने झोपेतच तोंड माझ्याकडे वळवलं. जीव भांड्यात पडला. डॉक्टरांना बोलावलंय, येतीलच, असं सांगून भावजय पाणी तापवायला आत गेली.

मी खाटेजवळ खाली बसले. जप सुरू केला. हाताला मात्र सवय, तो खाटेच्या खालून आपोआप पट्ट्यांवर गेला. कापडी, विणलेल्या, रुंद पट्ट्या. माणूस झोपला की अशा पट्ट्या खाली येतात, ताठ होतात, बोटाने दाबल्या तर दबत नाहीत.

या सैल होत्या.

मी परत दाबून बघितलं. खांद्याखाली, पाठीखाली, कमरेखाली. सगळीकडे बोट लावलं की पट्टी सहज वर जात होती. दुकानात उभ्या केलेल्या रिकाम्या खाटेची जाते तशी. वर माझा भाऊ झोपला होता, श्वास घेत होता, आणि खाली खाटेवर काहीच नव्हतं.

मग त्याचं वजन कुठे आहे, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

एक हात पट्ट्यांखाली तसाच ठेवून मी दुसऱ्याने मुकादमाला फोन लावला. बाहेर अजून चांगला उजेड होता. म्हणजे कुलूप लागायची वेळ झालेली नव्हती. वाजत राहिला. करवतीच्या आवाजात त्याला ऐकू येत नसेल. मी तोडून परत लावला. वाजत होता.

पट्ट्या एकदम ताणल्या गेल्या.

माझी चारही बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर दाबली गेली. खाट जमिनीवर आपटल्यासारखी दणकली, खिडकीची काच झणझणली. झटका मी ओळखते. तो वरून आलेला होता, बऱ्याच उंचावरून.

"वन्सं, उठले का हे?" भावजयीने आतून विचारलं.

फोनमध्ये मुकादमाचा आवाज आला. जरा ओशाळलेला, समजूत काढणारा.

"ताई, रागावू नका. बाद माल तसाच ठेवून मी कुलूप कसं लावू, तुम्हीच सांगा. नियम आहे. कापून टाकला. फार चिवट निघाला बघा, शेवटच्या धाग्यापर्यंत."

तपासणी चालू असताना मी बोलत नाही.

जिवंत माणूस निजला असेल तर त्याच्या खालच्या पट्ट्या कधी स्वस्थ नसतात. श्वास आत गेला की किंचित ताठतात, बाहेर आला की किंचित सैलावतात. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.

मी डोळे मिटले आणि वाट पाहिली.

पूर्ण भार होता. पट्ट्या ताठ होत्या, आणि ताठच राहिल्या.